भिंतीचा शेवटचा थर

सेवाग्रामच्या बापूकुटीत गेलेला माणूस आधी गांधीजींची बैठक पाहतो. भिंतीकडे त्याची नजर जरा उशिराने वळते. त्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी मातीनेच उठाव देऊन ताडाची झाडे, चरखा आणि ॐ काढलेला आहे. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहायला आले ते आदी निवासात. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी आधी मीराबेनची होती. बांबू, लाकूड, कौले, माती असे सगळे सामान आसपासचेच. विदर्भातले ऊन आणि पाऊस त्या भिंतीने इतकी वर्षे सोसले, याचे कारण मातीच्या ताकदीत जेवढे आहे तेवढेच तिच्या देखभालीत आहे. तिच्यावर वेळोवेळी नवा लेप चढत आला. आतली भिंत टिकावी म्हणून वरचा थर झिजत राहिला आणि माणसे तो पुन्हा पुन्हा देत राहिली.

या पुस्तकाचा विषय तो वरचा थर आहे. घर बांधणारे कुटुंब पाया, लोखंड, सिमेंट यांची महिनोन्‌महिने चौकशी करते. रंगाची वेळ आली की शेडकार्ड उघडले जाते आणि एका संध्याकाळी निर्णय होऊन जातो. वास्तविक माणसाचा रोजचा संबंध येतो तो याच थराशी. हात टेकतो तो त्याला, मूल रांगते ते त्याच्यावर, पावसाची झड बसते ती त्याला. तो झिजणारच. प्रश्न एवढाच की तो झिजताना आतल्या भिंतीला सांभाळतो की तिला आतून कुजवतो, आणि झिजल्यावर तो घरातल्या माणसांना स्वतःच्या हाताने पुन्हा देता येतो की नाही. माती, चुना आणि सुकणारी तेले यांचे मुलामे या दोन कसोट्यांवर आजही उतरतात, म्हणून त्यांच्याकडे पुन्हा लक्ष द्यायला हवे.

सुरुवात मातीपासून करावी लागते, कारण माती म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकणद्रव्य असते. पाणी मिळाले की ते फुगते, वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळे. ही माती नुसती भिंतीला थापली तर पहिल्याच उन्हात तिचे पोपडे निघतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत केओलिनाइट अधिक असते. ते फारसे फुगत नाही, आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे त्या मातीला स्वतःचाच तांबूस रंग असतो. देशावरच्या गावांत तिसरीच सोय होती. जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावरची पांढरी माती खणून आणायची आणि तिने भिंती लिंपायच्या, माळवदावर पसरायची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंती, चुलीची राख, शेण असे सगळे त्यात मुरलेले. म्हणजे पूर्वी एकदा भिंत होऊन गेलेली मातीच पुन्हा भिंतीवर चढायची.

आपल्या आवारातली माती कोणत्या जातीची, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून ती जोराने हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती सर्वात शेवटी, कधी कधी दुसऱ्या दिवशी. थरांची जाडी पाहून प्रमाण समजते. गिलाव्याला चिकणमाती ढोबळमानाने पाचवा हिस्सा पुरते. बाकीची वाळू हवी. भेगा पडल्या तर वाळू वाढवायची, हात फिरवल्यावर पूड निघाली तर चिकणमाती वाढवायची. गव्हांडा, भाताचे तूस किंवा बारीक तणस घातले की तंतू मातीला धरून ठेवतात. शेणाचे कामही तेच. जनावराच्या पोटातून न पचता आलेले बारीक तंतू आणि चिकट द्रव्ये त्यात असतात. मातीत कालवून ते चार-सहा दिवस मुरू दिले, तर मिश्रण हाताला लोण्यासारखे लागते आणि थर कमी तडकतो.

ही सारी जाण कोणाकडे होती? बहुतेक ठिकाणी बायकांकडे. घर उभे करायला गवंडी-सुतार येत. ते जिवंत ठेवण्याचे काम घरातल्या बाईचे. चुलीला पोतेरे, भिंतीला पांढऱ्या मातीचा हात, कडेला गेरूचा पट्टा, आठवड्याला जमिनीचे सारवण, सणावाराला पुन्हा सगळे. कोकणात पावसाळा सरला की अंगणातले खळे नव्याने घालायचे. जुनी जमीन उकरायची, माती पसरून पाणी मारायचे, चोपण्याने चोपून ती घट्ट करायची आणि मग शेणाने सारवायची. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून त्यावर गेरूचा हात देतात, आणि त्या लाल पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाची चित्रे उमटतात. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राचे नाव झाले. ज्या भिंतीमुळे ते चित्र शक्य झाले, ती लिंपणाऱ्या हातांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

त्या हातांचे कष्टही विसरता येणार नाहीत. गुडघ्यांवर बसून, ओल्या शेणात हात घालून, बाळंतपण असो की पेरणीची घाई असो, जमीन सारवावीच लागे. गावातल्या बायकांनी शहाबादी फरशी आणि पुढे टाइल आनंदाने स्वीकारली, त्यामागे हे कष्ट आहेत. मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्या शहरी लेखनातून ही गोष्ट बहुधा सुटते. मातीचा मुलामा आज पुन्हा आणायचा असेल, तर तो एकाच माणसाच्या पाठीवर न टाकता आणावा लागेल. तेलाचा विचार इथूनच सुरू होतो. पण त्याआधी चुकीच्या थराने काय होते, ते पाहायला हवे.

त्यासाठी अजिंठ्याइतके चांगले उदाहरण नाही. तिथल्या चित्रांखाली मातीचाच गिलावा आहे. खडबडीत ठेवलेल्या पाषाणावर आधी माती, बारीक खडी, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा जाड थर, त्यावर गुळगुळीत दुसरा थर, मग चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे बहुतेक रंग आसपासच मिळणारे. निळा लाजवर्द तेवढा दूरचा. जवळच्या वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी त्याविषयीचा अभ्यास २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्या तंतूंनी गिलावा धरून ठेवला आणि किडीलाही दूर ठेवले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शेकडो वर्षे टिकलेली ही कारागिरी माती, भुसा आणि चुना यांचीच आहे.

मग एकोणिसाव्या शतकात माणसे तिथे चांगल्या हेतूने पोहोचली. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात चित्रांच्या नकला करत होते. रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशचा हात दिला गेला. पुढे निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावले, आणि १९२० ते १९२२ या काळात सुटू पाहणारा गिलावा पुन्हा पक्का करण्याचे महत्त्वाचे काम झाले. पण त्याच वेळी चित्रांवर चपडी लाखेचे रोगण चढले. सुरुवातीला रंग उजळले. काही वर्षांत रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, खालचे निळे-हिरवे रंग मळकट दिसू लागले. नंतरच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थर अतिशय जपून उतरवत बसावे लागले. लाखही नैसर्गिकच, झाडावरच्या किड्याने दिलेली. म्हणजे दोष तिच्या कृत्रिमपणात नव्हता. मातीचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. त्या ये-जा करणाऱ्या थरावर बंद कवच बसले की दोघांचे जमत नाही.

गावोगाव आज हीच गोष्ट सिमेंटच्या रूपाने घडते आहे. जुन्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीवर ‘एकदाचे पक्के करून टाकू’ म्हणून सिमेंटचा गिलावा मारतात आणि वर प्लॅस्टिक पेंट लावतात. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी भिंतीच्या अंगातून उडून जायची. ती आता आत कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर रंगाला फुगे येतात, क्षारांची पांढरी पूड फुटते, आणि एक दिवस सिमेंटचा तक्ता मागची माती घेऊन खाली येतो. लोक म्हणतात, ‘मातीच्या भिंतीत दमच नाही.’ कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात त्याच भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या. पुढे आलेले छप्पर, उंच जोते आणि पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला बांधलेली झडप एवढे संरक्षण त्यांना पुरत असे.

मातीविषयीच्या भीतीचे दुसरे कारण फार गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे होती. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नव्हते, कोपरे एकमेकांत गुंतलेले नव्हते. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर फाकले आणि माळवद खाली आले. त्या दुःखानंतर ‘माती नको’ असे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याला एवढेच सांगता येईल की घर उभे राहते ते त्याच्या सांगाड्यावर. या पुस्तकातला कोणताही मुलामा कच्च्या सांगाड्याला पक्का करत नाही. आधी बांधणी भूकंपाला टिकेल अशी हवी. लेपाचा विचार त्यानंतरचा.

चुन्याविषयी थोडक्यात सांगून पुढे जाता येईल, कारण त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कळीचा चुना होतो, पाण्यात तो विरतो, आणि भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो. अनेक किल्ल्यांवर बैलांनी फिरवायचे चुन्याचे घाणे अजून दिसतात. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारच्या किनारी या चुन्यावर कावी नावाची सुंदर कला फुलली. पांढऱ्या गिलाव्यावर जांभ्याच्या लाल मातीचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून पांढरी नक्षी उघडी करायची. रंग भिंतीवर चिकटवलेला नसतो, तो चुन्याबरोबरच दगड होतो. देवळांच्या जीर्णोद्धारात अशा किती भिंतींवर ऑइलपेंट फासला गेला आणि किती पाडून टाइल बसवली गेली! मोडलेली कावी पुन्हा करता येईल असे कारागीर आता थोडे आहेत. एखाद्या विश्वस्त मंडळाने हे पान वाचून हातोडा थांबवला, तरी या प्रकरणाचे काम झाले.

आता तेल. सगळी तेले सुकत नाहीत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडाला चोळले तर काही दिवस चकाकी येते, मग ते चिकट राहते, धूळ धरते आणि खवट होते. जवसाचे, म्हणजे अळशीचे, तेल वेगळे वागते. त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. त्याचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा घट्ट, लवचीक पापुद्रा होतो. पाणी उडून जाऊन होणारे वाळणे हे नव्हे. सुकताना या तेलाचे वजन उलट वाढते. काचा बसवायला आणि लाकडाच्या भेगा भरायला जुने रंगारी जी लांबी मळायचे, ती खडूची पूड आणि हेच तेल यांची असे. अक्रोडाचे आणि तुंगाचे तेलही असे सुकते. करडईचे तेल सावकाश सुकते, पण जवसाइतके पिवळे पडत नाही, म्हणून फिक्या रंगांत ते उपयोगी पडते. एरंडेल मुळात सुकत नाही. कच्छमधल्या निरोणा गावचे रोगन कारागीर ते तासन्‌तास तापवून घट्ट करतात आणि मगच त्यात रंग मिसळतात.

या यादीतल्या दोन तेलबिया महाराष्ट्राच्या घरच्या आहेत. जवस विदर्भाचे रब्बी पीक. नागपूरच्या जवस संशोधन केंद्राने एनएल ९७, एनएल २६० असे वाण दिले. करडईवर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. तरीही घरासाठी जवस म्हटले की आपल्याला चटणीच आठवते, आणि लाकडाला लावायला परदेशी तेलाचा डबा येतो. घाण्यावरचे कच्चे तेल गाळून, निवळून, उन्हात मुरवून वापरता येते. तशी मागणी निर्माण झाली तर जवसाच्या शेतकऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळेल, ही आशा अवाजवी नाही.

जगात याचे दाखले आहेत. स्वीडनमधल्या फालुन गावी तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीपासून लाल रंग होतो. १७६४ पासून त्याचे नियमित उत्पादन सुरू आहे. खाण १९९२ साली बंद झाली, रंग अजून निघतो. पाणी, राय या धान्याचे पीठ, लोहयुक्त लाल माती आणि थोडे जवसाचे तेल एकत्र शिजवायचे, एवढीच त्याची कृती. तो पोपडे धरत नाही. वर्षे सरली की भुकटी होऊन झडतो. ब्रश फिरवायचा आणि नवा हात द्यायचा. मोरोक्कोतले माराकेशचे कारागीर हमामखान्यांच्या भिंती चुन्याने लिंपून गुळगुळीत दगडाने घासतात आणि वर ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण चोळतात. साबण आणि चुना यांच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो, आणि चुन्याची भिंत रोजचे पाणी सोसते.

मातीच्या जमिनीला तेल देण्याची पद्धत गेल्या काही दशकांत अमेरिकेत नीट बसवली गेली. सुकिता क्रिमेल आणि जेम्स थॉमसन यांनी २०१४ साली तिच्यावर पुस्तकही लिहिले. खाली मुरमाची किंवा खडीची बैठक, म्हणजे जमिनीतली ओल वर चढणार नाही; त्यावर घट्ट चोपलेली माती; सर्वात वर वाळू, चिकणमाती आणि बारीक तणसाचा दोन-अडीच सेंटीमीटरचा थर, थापीने दाबून गुळगुळीत केलेला. हा थर पूर्ण वाळल्यावर कोमट जवसाच्या तेलाचे हात एकामागून एक द्यायचे. माती तेल प्यायची थांबली की थांबायचे आणि वर साचलेले लगेच पुसून घ्यायचे, नाही तर तिथे चिकट डाग राहतो. काही आठवड्यांनी जमीन कातड्यासारखी होते, ओल्या फडक्याने पुसता येते. आठवड्याचे सारवण संपते. गावातल्या बाईची मातीच्या जमिनीविषयी जी रास्त तक्रार होती, तिला मातीतूनच मिळालेले हे उत्तर आहे, आणि म्हणून या पुस्तकात त्यासाठी सर्वात जास्त पाने दिली आहेत.

त्याची किंमतही आहे. तेल प्यालेल्या जमिनीवर शेणाचा हात बसत नाही. दुरुस्ती करायची तर तो तुकडा घासून पुन्हा तेलच द्यावे लागते. खालून ओल येणाऱ्या घरात हे करू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही: दमट हवेत तेल सुकायला फार वेळ लागतो आणि कच्च्या तेलावर बुरशी येते. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा कोरडा काळ चांगला. तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. सुकताना तेल उष्णता सोडते, ती फडक्यांच्या घडीत कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूतही इथेच सोडून द्यावी. देवाच्या मूर्तीला लावायचा पारंपरिक शेंदूर शिशाचे ऑक्साइड आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेले शेंदराचे लेप २०२२ साली उतरवले, तेव्हा खालचे मूळ रूप लोकांना दिसले. खनिज आणि स्निग्ध पदार्थ मिळून किती चिवट कवच तयार होते, याचे हे उदाहरण आहे. पण त्या शेंदराला घराच्या भिंतीवर जागा नाही. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कोकणात जमीन काळीभोर दिसावी म्हणून सारवणात जुन्या सेलमधली काळी पूड कालवायची पद्धत पडली होती. तीही सोडावी, करवंट्यांचा कोळसा वाटून घातला तर तसाच रंग येतो. बाजारात मिळणाऱ्या उकळलेल्या अळशीच्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, आणि पातळ करायला वापरलेल्या टर्पेंटाइनची वाफ डोके धरते. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे. शेणापासून केलेला ‘खादी प्राकृतिक पेंट’ जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आला, ही स्वागताची गोष्ट. पण तोही लावण्याआधी खालची भिंत कशाची आहे, हे पाहावेच लागते.

पुढच्या प्रकरणांतली प्रमाणे कोणत्याही घराला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. माती दर दोन कोसांवर बदलते. म्हणून भिंतीच्या आडबाजूला हातभर लांबी-रुंदीचे तुकडे आखून घ्यावेत. एकात वाळू थोडी जास्त, एकात तणस, एकात शेण, एकाला तेलाचे दोन हात, एकाला चार. शेजारी पेन्सिलीने तारीख, माती कुठून आणली ते आणि मापे लिहावीत. एक तुकडा पावसाच्या झडीत येईल असा असावा, एक चुलीजवळ, एक मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर. पावसाळा काढल्यावर जो तुकडा सर्वात कमी झडला असेल, त्याच्या मापांनी पूर्ण भिंतीचे काम सुरू करावे.